मोजणीच्या खोळीतली बंदूक

नाव व पत्ता कागदाच्या माथ्यावर लिहून घेतले आहेत. वय बहात्तर. धंदा सध्या काही नाही. पूर्वी शाळेची पुस्तके छापणाऱ्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम केले.

मी समक्ष ठाण्यात बसून, विचारल्यावरून सांगतो की, जमादारांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी बांधलेली असल्याने व माझे अक्षर बरे आहे असे त्यांना दिसल्याने, हा जबाब त्यांच्या परवानगीने मी माझ्याच हाताने लिहीत आहे. ते विचारतात आणि मी लिहितो. अवांतर काही आले तर ते खोडणार आहेत. आतापर्यंत त्यांनी एकच ओळ खोडली, ती शाळेतल्या एका कवितेची होती.

माझ्यासोबत आणलेले गृहस्थ माझ्या पत्नीचे थोरले बंधू आहेत. त्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही येथे तसेच लिहितो. ते वयाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. ते या क्षणी समोरच्या बाकावर बसले आहेत. त्यांच्या शेजारी, ज्यांनी आमच्याविरुद्ध ओरड केली ते कुलूपवाले बसले आहेत. दोघांना चहा दिलेला आहे. अण्णांनी अर्धा घेतला.

हत्याराबद्दल विचारल्यावरून सांगतो की, ती एकनळी बंदूक अण्णांच्या नावे आहे. परवाना चालू आहे, तो मी टेबलावर ठेवला आहे. नोकरीत असताना अण्णा महिनोन्‌महिने रानात तंबू ठोकून राहत. डुकरे तंबूत शिरत, शिधा पळवत, म्हणून खात्याच्या शिफारशीवरून परवाना मिळाला. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी हवेखेरीज दुसऱ्या कशावर कधी बार काढला नाही. वहिनी म्हणायच्या, "ह्यांनी बंदूक उचलली की डुकरं जागची हलत नाहीत, आम्हीच पळतो." वहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या गेल्या थंडीत वारल्या.

ती बंदूक आजच का हलवली, असे विचारले. त्यावर सांगतो की, अण्णांच्या घराच्या छताचे काम निघाले आहे. गवंड्यांची ये-जा राहील, घर उघडे राहील, तेव्हा हत्यार परवाना असलेल्या बंदुकवाल्याच्या दुकानात तिजोरीत ठेवावे असे ठरले. कोणी ठरवले, असे जमादारांनी विचारले. मी ठरवले. अण्णा "बरं" म्हणाले. त्यांनी इतक्या लवकर "बरं" म्हणावे हे मला आवडले नाही.

छताच्या कामाची इतकी घाई काय, असे विचारल्यावरून, आधीच्या काही गोष्टी सांगतो. मागील पंधरवड्यात अण्णांनी गच्चीवरच्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. त्यात वहिनींचा गुलाब होता, त्याला कळ्या होत्या. दूधवाल्याला पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. गरम कपडे वाटून टाकले, थंडी पुन्हा येणारच असताना. माझी पत्नी एके दुपारी भाजी घेऊन गेली, तेव्हा दार नुसते लोटलेले होते आणि अण्णा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बंदुकीला तेल देत बसले होते. ती म्हणाली, "हे काय अण्णा?" ते म्हणाले, "गंजते गं, नुसती पडून पडून." पत्नीने भाजी तिथेच ठेवली आणि ती बसून राहिली. त्यांचे जेवण झाले तरी उठली नाही. दिवेलागण झाली तेव्हा अण्णाच म्हणाले, "अगं, तुझा नवरा उपाशी असेल." घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा." काय करायचे ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

अण्णांची मुलगी दूरच्या गावी नोकरीला आहे. तिला पत्नीने कळवले. त्या मुलीचा मला फोन आला. ती म्हणाली, "आतोबा, आधी ती वस्तू घरातून बाहेर काढा. बाकीचं मी येऊन बघते. पण मला रविवारशिवाय निघता येणार नाही." आज मंगळवार आहे.

म्हणून मी बंदुकवाल्याकडे जाऊन रीतसर चौकशी केली. कायद्याबाहेरचे काही आयुष्यात केलेले नाही, आता या वयात करायचे नव्हते. मी म्हटले, वस्तू मी घेऊन येतो. तो म्हणाला, "तुम्ही आणलीत तर तुम्ही आत जाल, आजोबा. ज्याचा परवाना त्याच्याच हातात पाहिजे." मी म्हटले, ते आता थकलेत. तो म्हणाला, "मग गाडीतून आणा." आमच्या दोन्ही घरांत गाडी नाही. भाड्याची करावी, तर आमच्या भागातल्या गाडीवाल्याला पोटात काही ठेवता येत नाही. तो सगळ्या गल्लीला सांगत सुटला असता. आणि त्याला न सांगता असली वस्तू त्याच्या गाडीत ठेवणे अण्णांना पटेना. तेव्हा बसनेच जायचे ठरले. बसच्या आगारातही मी विचारून आलो. रिकामी असावी, उघडून तुकडे वेगळे करून बांधलेली असावी, काडतुसे दुसऱ्याजवळ असावीत, परवाना सोबत असावा, एवढे असले तर हरकत नाही, असे तेथील नियंत्रकांनी सांगितले. बंदुकवाल्याने आणखी एक सांगितले होते. "रस्त्यात कुणाला दिसू देऊ नका. बंदूक दिसली की लोकांना कायदा आठवत नाही."

याचा अर्थ असा की, ज्यांच्या हाती ती राहू नये असे आम्हाला वाटत होते, त्यांच्याच हाती देऊन ती अख्ख्या गावातून न्यायची होती. दुसरी तजवीज कायद्यात नव्हती.

कशातून न्यायची हा प्रश्न अण्णांनीच सोडवला. त्यांनी माळ्यावरून जुनी कॅनव्हासची लांब खोळ काढली. मोजणीची दुर्बीण ज्या तीन पायांच्या घोडीवर उभी करतात, त्या घोडीची ती खोळ. खांद्यावर ती खोळ लटकवून चाललेले अण्णा ज्याने पाहिले नाहीत असा माणूस आमच्या भागात सापडणार नाही. लग्न ठरवायला मी प्रथम त्यांच्या घरी गेलो तेव्हाही दारामागे तीच खोळ उभी होती, आणि मला वाटले होते की या घरात कोणीतरी तंबोरा वाजवते. जमादार म्हणतात, हे नको. पुढे लिहितो.

आज सकाळी अण्णांनी माझ्यासमोर बंदूक उघडली. नळी वेगळी केली आणि माझ्या हातात न देता, स्वतःच खिडकीकडे धरून म्हणाले, "बघा, रिकामी आहे." मी डोळा लावला. पलीकडे आभाळाचा वाटोळा तुकडा दिसला, फार निळा. लहानपणी पुस्तकाची सुरळी करून आम्ही असेच बघत असू. काडतुसे त्यांनी माझ्या स्वाधीन केली. ती मी जेवणाच्या डब्यात पंच्यात गुंडाळून ठेवली व डबा पिशवीत घेतला. मी विचारले, "सगळी हीच ना?" ते म्हणाले, "भाऊजी, माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटले, "आहे हो." त्यावर त्यांनी आपणहून कपाट उघडून दाखवले, खण उपसून दाखवले, गादीसुद्धा उचलली. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणत होतो आणि बघतही होतो.

बस साडेदहाच्या सुमारास मिळाली. मी त्यांना खिडकीकडे बसवले आणि स्वतः वाटेच्या बाजूला बसलो. खोळ त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी होती. तिचा पट्टा मी आपल्या मनगटाला एक वेढा देऊन धरला होता. वाहक त्यांच्या ओळखीचा निघाला. म्हणाला, "काय अण्णा, पुन्हा मोजणी?" अण्णा म्हणाले, "छे रे. आता माझीच मोजणी व्हायची." वाहक खो-खो हसला आणि त्याने ते पुढच्या दोघा प्रवाशांनाही सांगितले.

थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "भाऊजी, छत गळत नाहीये."

मी म्हटले, "पुढे गळेल."

ते खिडकीबाहेर बघू लागले. मग हळूच त्यांनी चौथीच्या पुस्तकातल्या दोन ओळी म्हटल्या :

डोंगरामागे निजला वारा,
पाऊलवाटे, सांभाळ जरा.

ही कविता आम्हा दोघांच्याही वेळी होती. अण्णा माझ्या तीन वर्षे पुढे होते, पण मास्तर तेच आणि मास्तरांची चालही तीच. पुढे मी छापखान्यात असताना नव्या आवृत्तीतून ती वगळली. तिच्या जागी वाहतुकीच्या नियमांवर काहीतरी घातले, त्याची मुद्रिते मलाच तपासावी लागली. आज ती त्यांच्या तोंडून ऐकून मला आधी बरे वाटले आणि लगेच बरे वाटेनासे झाले. पुढचे कडवे मी म्हटले. जमादारांनी विचारले, हे ठेवायचे का. मी विनंती केल्यावरून त्यांनी ठेवू दिले आहे.

रस्ता खणल्यामुळे बस अलीकडच्या चौकातच रिकामी केली. बंदुकवाल्याचे दुकान तिथून लांब नाही, पण वाट कुलूपवाल्यांच्या गल्लीतून जाते. त्या गल्लीतून जायचे आधी ठरलेले नव्हते. अरुंद गल्ली आहे. दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर दुकाने, दारांवर किल्ल्यांचे जुडगे टांगलेले. वाऱ्याने ते सगळे एकदम किणकिणतात. मधूनच किल्ली कापायच्या यंत्राची किंचाळी येते. एक चष्मेवाला आहे, बटणे-दोरा विकणारी एक म्हातारी बाई आहे. प्रत्येक ओट्यावर लाल रंगाची आडवी खूण केलेली होती. ती रस्ता रुंद करण्यासाठी पाडायच्या बांधकामाची खूण आहे, हे मला ठाण्यात आल्यावर कळले. अण्णांना ते पाहताक्षणी कळले असणार.

कारण ते थांबले. मी म्हटले, "चला." ते हलले नाहीत. वहिनी गेल्यापासून त्यांची मान खाली असते, ती वर झाली. त्यांनी खोळ खांद्यावरून काढून घोडी उभी करावी तशी आपल्यापुढे उभी धरली, एक डोळा मिटला आणि लाल खुणांच्या ओळीवरून गल्लीच्या टोकापर्यंत नजर नेली. म्हणाले, "चुकलंय हे. भाऊजी, रेघ वाकडी गेलीय. ह्या कुलूपवाल्याचा ओटा फुकट मरतोय." इतके शब्द त्यांच्या तोंडून सलग ऐकून मला कितीतरी दिवस झाले होते. म्हणून मी त्यांना ओढून नेले नाही. ओढून न्यायला हवे होते का, ते मला सांगता येत नाही.

बटणवाल्या बाईंनी विचारले, "काय हो बाबा, काय बघताय? आणि खोळीत काय आहे?"

या प्रश्नाचे उत्तर मी कालच तयार करून ठेवले होते. कोणी विचारले तर हेच सांगायचे, म्हणजे पुढे कोणी काही विचारणार नाही, अशी माझी खात्री होती. मी म्हटले, "काही नाही हो, मोजणीचं सामान आहे."

बाई जागच्या जागी ओरडल्या, "अहो, मोजणी आली! मोजणी आली हो!"

यंत्र बंद पडले. चारही बाजूंनी माणसे आली. आता बाकावर बसलेले कुलूपवाले सर्वांत पुढे होते. म्हणाले, "आता म्हातारे पाठवायला लागले काय? आम्हाला दया यावी म्हणून?" चष्मेवाले म्हणाले, "कोर्टाची मनाई आहे, मनाई! फोटो काढा रे ह्यांचा." कोणी म्हणाले, "दुर्बीण काढून घ्या. दुर्बीण नसली तर काय डोळ्यांनी मोजतील?" मी म्हणत होतो, "तसं नाही हो, तसं नाही." कुलूपवाले म्हणाले, "मग कसं आहे ते सांगा की." 

अण्णा त्यांच्या साहेबी आवाजात म्हणाले, "खोळीला हात लावू नका."

"का? बॉम्ब आहे?" असे म्हणून कुलूपवाल्यांनी खोळ ओढली. गर्दी झाली तेव्हा पट्टा मी पुन्हा मनगटाला गुंडाळला होता, त्यामुळे मीही ओढला गेलो. तोंडाची दोरी तुटली आणि नळी दगडी ओट्यावर पडली. मग दोनदा घरंगळून तिथेच थांबली.

थोडा वेळ फक्त किल्ल्या किणकिणत होत्या. मग कोणीतरी "बंदूक!" म्हणाले, आणि इतकी शटरे इतक्या झटपट खाली येताना मी कधी पाहिली नव्हती. चष्मेवाल्यांचा आवाज शटरच्या आतून येत होता, "बघा, बघा! मोजणीला बंदुका घेऊन येतात आता!" कुलूपवाले आपल्याच दुकानाबाहेर राहिले, कारण आतून त्यांच्या मुलाने कडी घातली होती. ते दार ठोठावत होते, "अरे, मी आहे, मी! बाप तुझा!"

बटणवाल्या बाई मात्र हलल्या नाहीत. म्हणाल्या, "माझे गुडघे गेलेत. मारायचं तर मारा. पण हा ओटा सोडायची नाही मी."

अण्णा त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. नळी उचलून त्यांनी मांडीवर आडवी ठेवली. म्हणाले, "बाई, ही नुसती नळी आहे. ह्यानं काही होत नाही. नळाला लावली तर पाणी येईल."

"मग घेऊन कशाला हिंडता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून उभा होतो, तेही त्यांनी पाहिले. मला वाटते, त्या वेळी छताचा विषय आमच्यात संपला.

त्यानंतर शिपाई आले. त्यांनी "उचला ते" असे फर्मावले. मी पुढे झालो तर अण्णा म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला चालत नाही ते." त्यांनी स्वतःच तुकडे खोळीत भरले, खोळ खांद्याला लावली, आणि आम्ही सगळे ठाण्यात आलो. कोणीही कोणाला धमकी दिली नाही. हत्यार कोणावर रोखलेले नाही. ते जोडलेलेच नव्हते.

ठाण्यात आल्यावर जमादारांनी परवाना तपासला, बंदुकीवरचा क्रमांक ताडून पाहिला. डबा बघून म्हणाले, "जेवण आहे?" मी "नाही" म्हटले. त्यांनी झाकण काढले व पुन्हा लावले. आपली चूक झाली हे कुलूपवाल्यांच्याही लक्षात आले. ते म्हणाले, "मला काही तक्रार नाही साहेब, फक्त माझ्या पोराला दोन शब्द सुनवा." मग ते अण्णांशेजारी जाऊन बसले. मघाशी रेघ वाकडी म्हणालात ती कशी, असे विचारू लागले. अण्णा त्यांना बाकावर बोटाने रेघा काढून दाखवत आहेत. मी हे लिहीत असताना मध्ये मध्ये वर बघतो. ते तिथेच आहेत.

आता जमादार म्हणतात की, सगळे कायदेशीर आहे. तुम्ही काही चुकीचे केलेले नाही. वस्तू घ्या आणि घरी जा. बंदुकवाल्याला त्यांनी फोन लावून पाहिला. तो दुकान वाढवून बाहेरगावी गेला आहे, परवा येईल.

मी विनंती केली की, परवापर्यंत बंदूक ठाण्यात ठेवून घ्यावी. ते म्हणाले, "हे ठाणं आहे आजोबा, सामानघर नाही. ठेवून घ्यायला कारण लागतं." मी छताचे सांगितले. ते म्हणाले, "छत गळतं म्हणून कुणी पोलिसांकडे बंदूक ठेवत नाही. खरं कारण असेल तर लिहा, मी साहेबांची सही घेतो. नसेल तर त्यांची वस्तू त्यांच्या हातात द्यावी लागेल. कायदाच आहे तसा." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण बाक याच खोलीत आहे. मी बाकाकडे पाहिले. कुलूपवाले काहीतरी म्हणाले आणि अण्णा हसले. दात दिसेपर्यंत हसले.

ते हसत असताना मला हे लिहावे लागत आहे. छापखान्यात माझ्यासमोर रोज दुसऱ्यांची वाक्ये येत. त्यातले कमी-जास्त मी खुणा करून दाखवीत असे, पण नवे वाक्य घालण्याचा मला अधिकार नव्हता आणि हौसही नव्हती. मी दौतीचा काळ पाहिला आहे, तेव्हा लेखणी बुडवायला तरी वेळ मिळे. या पेनात शाई सतत उतरते. जमादार घड्याळाकडे बघत आहेत. खोळ त्यांच्या टेबलाला टेकवून उभी आहे, ती बाकावरूनही दिसते.

म्हणून सांगतो की, माझे मेहुणे त्या बंदुकीने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करतील अशी मला भीती आहे. माझ्या पत्नीला व त्यांच्या मुलीलाही तीच भीती आहे. हे मी त्यांना कधी तोंडाने विचारलेले नाही, कारण ते "हो" म्हणाले असते तर पुढे काय बोलायचे ते मला माहीत नाही. हत्यार त्यांच्या घरी जाऊ देऊ नये. वर छताचे लिहिले आहे ते खरे नाही. ते छत चांगले आहे.

एवढाच माझा जबाब आहे.

जमादारांच्या सांगण्यावरून पुढील मजकूर जोडतो. मी सही करून कागद त्यांच्याकडे दिला व म्हटले की, मीच लिहिले आहे, मला वाचून दाखवण्याची गरज नाही. ते म्हणाले, "लिहिलं कुणीही असो, मोठ्यानं वाचल्याशिवाय जबाब पुरा होत नाही." मी म्हटले, "बाहेर जाऊन वाचू या." ते म्हणाले, "मी ठाणं सोडून बाहेर येऊ शकत नाही." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

त्यांनी सगळे एका सुरात वाचले. कवितेच्या ओळी गाडीचा क्रमांक वाचावा तशा वाचल्या. डुकरांचे आले तेव्हा अण्णा म्हणाले, "हे खरं आहे." कुंड्यांचे व दूधवाल्याचे आले तेव्हा त्यांचे बोट बाकावर फिरायचे थांबले. कुलूपवाले कपात बघू लागले. शेवटचा भाग आला, तसा जमादारांनी आवाज कमी कमी केला, इतका की नुसते ओठ हलत होते.

अण्णा म्हणाले, "जरा मोठ्यानं. मला इथवर ऐकू येत नाही."

जमादारांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलाच्या कडेकडे पाहत होतो. त्यांनी तो भाग पहिल्यापासून, मोठ्याने वाचला. छत चांगले आहे, इथपर्यंत.

अण्णा उठले. कुलूपवाल्यांनी त्यांना धरल्यासारखे केले, पण ते नीट चालत टेबलाशी आले. त्यांनी जमादारांना विचारले, "ह्याच्याखाली मला काही घालता येईल?"

जमादार म्हणाले, "तुमचा वेगळा घेतो."

"वेगळा नको. भाऊजी, तुम्हीच लिहा. मी मागायला आलो तरी मला ती देऊ नये."

जमादार म्हणाले, "परवाना तुमच्या नावाचा आहे, अण्णा. तुम्ही मागितलीत तर मला द्यावी लागेल."

"म्हणून तर लिहा म्हणतोय," अण्णा म्हणाले. "आज म्हणतोय तेवढ्यात लिहा."

त्याप्रमाणे मी लिहितो की, बंदुकीचे परवानाधारक स्वतः मागायला आले तरी त्यांना ती देण्यात येऊ नये. या ओळीचे अक्षर बिघडले आहे, ते माझेच आहे. तिच्याखाली अण्णांनी सही केली. नंतर जमादार आत जाऊन साहेबांची सही घेऊन आले, आणि खोळ व डबा त्यांनी आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावले. कुलूपवाल्यांनी ते कुलूप ओढून पाहिले आणि बरे आहे म्हणाले.

यांच्याबरोबर घरी कोण असते, असे जमादारांनी शेवटी विचारले. अण्णा म्हणाले, "कोणी नाही." त्याच वेळी मी म्हटले, "आम्ही." दोन्ही उत्तरे येथे घेतली आहेत.

हा जबाब आता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा मोठ्याने वाचण्यात आला. सांगितले तेच यात आहे, पदरचे काही घातलेले नाही. बरोबर आहे, असे आधी अण्णा म्हणाले. मग मी म्हणालो.